नाव घातलेली वाटी

"विरजण मागायला आली आणि नवरा घेऊन गेली." आपल्या संसाराची हकिगत वृषाली एवढ्या एका वाक्यात सांगत असे. ऐकणारी नवखी असली की आधी हसायची आणि मग तोंडावर हात ठेवायची. वृषालीला दोन्ही चालायचं.

मिरजेत तिचा बायकांसाठी ड्रायव्हिंग क्लास होता. २०४१ साली गाड्या आपल्या आपण चालत होत्या, हे खरं. पण मिरजेच्या बोळात म्हैस बसलेली दिसली की ती शहाणी गाडी थांबायची, आणि म्हैस उठेपर्यंत थांबूनच राहायची. म्हणून हातानं गाडी चालवायला शिकणाऱ्या बायका अजून येत होत्या. पहिला गिअर पडला की वृषालीची हकिगत सुरू व्हायची. बारा वर्षं सांगून सांगून तिला छान धार आली होती.

केतकी समोरच्या ब्लॉकमध्ये भाड्यानं राहायला आली तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. बँकेत नोकरी, आणि साधं दही लावता येत नव्हतं. वृषालीचं दही सुरीनं कापावं असं. आईनं लग्नात डब्यात घालून दिलेलं विरजण तिनं एक दिवसही मोडू दिलं नव्हतं. एक दिवसाआड केतकी यायची, "ताई, जरासं विरजण," म्हणून उभी राहायची. सहा वर्षं हे चाललं. सातव्या वर्षी ती गेली आणि पाठोपाठ उन्मेष गेला. जाताना वृषालीची एक स्टीलची वाटीही गेली. रुखवतातली होती, 'सौ. वृषाली उन्मेष आठल्ये' असं नाव घातलेली.

तर त्या उन्मेषनं जानेवारीतल्या एका संध्याकाळी दारावरची बेल वाजवली. वृषालीनं नुकताच देवाजवळ दिवा लावला होता.

"वृषाली," तो म्हणाला.

उन्मेषचा धंदा सूत्रसंचालनाचा. आवाज असा की त्यानं "पाणी दे" म्हटलं तरी शोकसभा सुरू झाल्यासारखी वाटावी.

"केतकी आजारी आहे."

"ऐकलंय."

"रक्ताचा कॅन्सर होता. तो गेला. नव्या उपचारानं गेला. पण आता..."

"गेला तर रडतोस कशाला?"

त्यानं डोळे पुसले. "डॉक्टर म्हणतात, तिला वाचवणारी गोष्ट तुझ्यापाशी आहे. तुझ्या विरजणातून आलेली. वृषाली, ती गेली तर मी..."

वृषालीनं देवाकडे पाहिलं. दिवा शांत जळत होता. तिच्या घरात एक नेम होता. दिवे लागले की दूध, दही, विरजण उंबऱ्याबाहेर द्यायचं नाही. घरातली लक्ष्मी जाते. लक्ष्मी राहिली होती की नाही ते देव जाणे, पण नेम राहिला होता.

"दिवेलागण झाली, उन्मेष," ती म्हणाली. "या वेळी विरजण देत नाहीत."

दार लावून ती पोट धरून हसली. असं वाक्य बारा वर्षं शोधूनही सापडलं नसतं. ते आपल्या पायानं दारात चालून आलं होतं. हसून झाल्यावर मात्र तिला चैन पडेना. माझ्या विरजणाचा आणि तिच्या कॅन्सरचा संबंध काय?

दुसऱ्या दिवशी ती हॉस्पिटलात गेली. द्यायला नव्हे, बघायला.

डॉक्टर शबाना तांबोळी तिच्याच वयाच्या, कपाळावर चष्मा ठेवून तोच शोधणाऱ्या. त्यांनी समजावून सांगितलं.

"रुग्णाच्या रक्तातल्या काही पेशी आम्ही बाहेर काढतो, कॅन्सर ओळखायला शिकवतो आणि परत आत सोडतो. त्या आपलं काम चोख करतात. पण मॅडम, लढाईवरून आलेल्या शिपायाचे घरी बसून हात शिवशिवतात. केतकीच्या पेशी आता तिच्याच आतड्यावर तुटून पडल्यात."

"मग त्यांना आवरायचं कुणी?"

"एरवी आवरतात पोटातले जंतू. आपल्या आतड्यात कोट्यवधी जंतूंची वस्ती असते. वर्षानुवर्षं त्यांच्या शेजारी राहून शरीराच्या शिपायांना कळतं, हा आपला, हा परका. ओळखीचा जंतू दिसला की शिपाई हत्यार खाली ठेवतो. केतकीची वस्ती उपचारात औषधांनी साफ झाली. तिथं कुणी ओळखीचंच उरलेलं नाही."

"दुकानातून आणून सोडा मग. दह्यातले असतात ना?"

"जात तीच असून भागत नाही. घराणं तेच लागतं." डॉक्टर हसल्या. "जंतूंचीही घराणी असतात. पाच वर्षांपूर्वी शहरात पोटाची पाहणी झाली होती, आठवतं?"

"स्टीलचा डबा फुकट मिळाला ती?"

"तीच. त्यात केतकीच्या आतड्यातलं मुख्य घराणं नोंदलेलं आहे. तेच तुमच्यात आहे. नव्वद टक्के जुळतं. ते तुमच्या दह्यातून तिच्यात गेलं. नुसतं दही आत्ता खाऊन उपयोग नाही, ते पोटातून पुढं जातं. खूप वर्षं खाल्लं तर एखादं घराणं बिऱ्हाड करतं. ते बिऱ्हाड पोटातूनच उचलावं लागतं."

"नवऱ्याच्या पोटातनं उचला की. बारा वर्षं एका घरात राहतोय."

"त्यांच्यात ते नाही. ते दही खात नाहीत."

बरोबर. दह्यानं कफ होतो. आवाज बसतो. पंधरा वर्षं तिनं त्याच्या ताटात दही वाढलं आणि पंधरा वर्षं उचलून ठेवलं. म्हणजे नवऱ्यानं बोट लावलं नाही, आणि सवतीनं ते पोटात जपलं.

"आणि हे बिऱ्हाड उचलायचं म्हणजे नेमकं काय करायचं?" वृषालीनं विचारलं.

डॉक्टरांनी सांगितलं. सकाळी एक डबी भरून द्यायची. प्रयोगशाळेत ती गाळून, शुद्ध करून कॅप्सूल बनतात.

सिनेमात लोक प्रेमापोटी काळीज देतात, मूत्रपिंड देतात, निदान रक्त तरी देतात. आणि गेली बारा वर्षं केतकीला काही द्यावंसं वृषालीला वाटलं असेल, तर ते नेमकं हेच होतं.

"विचार करा," डॉक्टर म्हणाल्या. "सक्ती नाही. पंधराएक दिवस आहेत. तुमच्या भागात आणखी एक व्यक्ती जुळते, पण तुमच्याइतकी नाही. आणि एक सांभाळा, तोवर अँटिबायोटिक घेऊ नका. एका कोर्सनं सगळं घराणं बुडेल."

हे त्यांनी सांगायला नको होतं.

उरलेल्या गोळ्या टाकून न देण्याची वृषालीला सवय. दाढ काढली तेव्हाची पाकिटं कपाटात होती, मुदत उलटून दोन महिने झालेली. तिनं जेवणानंतर पहिली गोळी घेतली, पाण्याचा मोठा घोट घेऊन, नैवेद्य दाखवल्यासारखी. म्हणजे उद्या आपलंच मन विरघळलं, कुणी पाया पडलं, कुणी माणुसकीचे धडे दिले, तरी देण्यासारखं काही उरायला नको. मग तिनं दह्याचं पातेलं उचललं आणि मोरीत पालथं केलं. आईचं विरजण गुळगुळ करत गेलं. पातेलं तिनं दोनदा घासलं, वास राहू नये म्हणून.

दुसरी जुळणारी व्यक्ती कोण, हे ओळखायला डॉक्टर लागत नव्हता. तळमजल्यावरच्या छायावहिनी खोत. आता त्यांच्याकडे पिशवीचं दही येत होतं, पण त्याआधी दहा वर्षं रोज वृषालीचंच विरजण.

"हॉस्पिटलातनं फोन आला तर हो म्हणू नका," वृषालीनं सांगितलं.

"हे सांगाय लागतंय व्हय मला?" छायावहिनी म्हणाल्या. "तिच्या हातचं हळदीकुंकू मी घेतलं न्हाई बारा वर्षं. बाजारात दिसली तर पेठ बदलली मी."

"तसं नाही, कुणी माणुसकी वगैरे काढली तर."

"माणुसकी त्यांनी आधी दाखवायची. मग आम्ही बघू."

सोसायटीत वृषालीचा राग असा घरोघर लागला होता. कुठं जास्त आंबट, कुठं कमी, इतकंच.

पाच दिवसांत दहा गोळ्या संपल्या. तोंडाची चव गेली, पोट बिघडलं, पण मन कसं पिसासारखं हलकं. आता फक्त हे उन्मेषला तोंडावर सांगायचं राहिलं होतं.

त्याच सुमारास छायावहिनींची सून फोन घेऊन वर आली. तिचे डोळे सुजले होते. "काकू, हे ऐकलंत?"

उन्मेष रोज हॉस्पिटलातून बोलत होता. 'काचेपलीकडे' असं नाव दिलं होतं. चाळीस हजार लोक ऐकत होते. "मित्रहो, आज तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात एक अख्खा वसंत होता." मग थोडा पॉज. उन्मेष पॉज फार चांगला घ्यायचा. "एका हाताच्या अंतरावर तिचं जीवन आहे. पण काही मनं दगडाची असतात. मी त्या दगडालाही नमस्कार करतो."

"दगड म्हणजे तुम्ही का हो काकू?" सुनेनं विचारलं.

वृषालीनं मोरपंखी इरकल नेसली, कारण अशा कामाला बाईनं नेटकं जावं, आणि ती हॉस्पिटलात गेली.

केतकी काचेच्या खोलीत होती. सेहेचाळिसाव्या वर्षी साठीची दिसत होती. हाताची नुसती काडी, डोक्यावर केस नाहीत. बाहेर खुर्चीत बसून उन्मेष तिला कागदावरचं काही वाचून दाखवत होता. दोन नर्सा रडत होत्या. वृषालीला पाहून तो उठला, हात जोडले आणि समोर लावलेल्या फोनच्या कॅमेऱ्यात ती नीट दिसेल असा बाजूला सरला. ती काही बोलायच्या आत म्हणाला, "तुम्हा दोघींना बोलू देतो," आणि चहाला निघून गेला. जाताना पाठमोराही दुःखी दिसत होता.

काचेत एक छोटा माईक होता.

"ताई," केतकी म्हणाली. "इरकल छान आहे."

वृषालीनं घरून बांधून आणलेली वाक्यं होती. त्यातलं पहिलं तिला सापडेना.

"कालपासून तो हेच वाचतोय," केतकी म्हणाली. "मला ओकारी येत असते आणि हा वसंत ऋतूबद्दल बोलतो. मरायच्या आधी एक दिवस जरा गप्प बस म्हटलं, तर म्हणतो, तू थोर आहेस. तेही लोकांना सांगितलं."

"तो पूर्वीही असाच होता."

"पूर्वी मला आवडायचं." ती दमली, थांबली. "मी गेल्यावर लग्न करणार नाही म्हणतो. माझ्या नावानं दर वर्षी कार्यक्रम करणार."

"सूत्रसंचालन कोण करणार?"

"कोण म्हणजे? तोच."

केतकीला हसू आलं. हसताना तिच्या उशाचं यंत्र टीक टीक करायला लागलं, तशी ती ओठ दाबून बसली.

"ताई, द्यायचं नसेल तर देऊ नका. मी तुमच्या जागी असते तर दिलं नसतं. फक्त तुमची वाटी माझ्याकडे आहे, ती न्या. तेव्हा परत करायची राहिली. रिकामी वाटी कशी द्यायची म्हणून राहिली, आणि भरून द्यायला तोंड नव्हतं."

वृषाली काचेसमोर उभी राहिली आणि तिला पुढची सगळी वर्षं दिसली. केतकीचा हार घातलेला फोटो. दर जानेवारीत भरलेलं नाट्यगृह. उन्मेष पांढऱ्या झब्ब्यात, आवाज किंचित फाटलेला. त्याच्या कथेत दर वर्षी एक पहिली बायको, दगडाच्या मनाची. केतकी मेली तर अमर होणार होती. त्यांचं प्रेम कधी म्हातारं होणार नव्हतं, त्याला कधी पथ्याचं जेवण लागणार नव्हतं. गोळ्या घेऊन आपण सूड घेतला असं वृषाली समजत होती. तिनं तर त्यांच्या सिनेमाचा शेवट फुकटात लिहून दिला होता.

जगली तर? जगली तर नुसती बायको होणार होती.

वृषाली तडक डॉक्टरांकडे गेली.

"माझं घ्या. आजच घ्या. फक्त मी गोळ्या घेतल्यात."

डॉक्टरांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. "किती?"

"दहा."

"संपलं मग," डॉक्टर म्हणाल्या. त्या आणखीही बरंच बोलल्या, ते वृषालीनं मान खाली घालून ऐकलं. "वर्षभरात येईल किंवा येणार नाही परत. तिच्याकडे दहा दिवस आहेत."

"ती दुसरी व्यक्ती?"

"त्यांनी काल नकार दिला. आणि फोनवर मला जे ऐकवलं, ते मी माझ्या नवऱ्यालासुद्धा सांगू शकत नाही."

छायावहिनी मेथी निवडत होत्या. वृषालीनं सगळं सांगितल्यावर त्यांनी एक जुडी बाजूला आपटली.

"म्हंजे आता हो म्हणायचं? तुला पाझर फुटला म्हणून? माझ्या नातवाच्या बारशाला मी तिला बोलवली न्हाई, ते कुणासाठी? तुझी माफी तुझ्यापाशी ठेव, वृषाली. माझा राग माझा हाय."

वृषाली शेजारी पाटावर बसली आणि मेथी निवडायला लागली.

"माफी कोण करतंय, वहिनी? ऐका तर. उन्मेष पायाची नखं कुठं कापतो माहितीये? अंथरुणात. पेपर पसरून. आणि पेपर तसाच ठेवून उठतो."

छायावहिनींनी मान वर केली नाही.

"पोटात गॅस झाला की जाहीर करतो. कुठून निघाला, कुठं पोचला. चष्मा डोळ्यावर असताना चष्मा शोधायला लावतो. कपात चहाचा शेवटचा घोट ठेवतो, रोज, का तर कुणाला माहीत नाही. सर्दी झाली की मृत्युपत्र. आणि हे पन्नाशीच्या आतलं. आता गुडघे धरतील, कान जातील, तेव्हा त्या आवाजात दिवसभर 'काय? काय म्हणालीस?' हे सगळं माझ्या वाटणीचं होतं, वहिनी. पुढची तीस वर्षं. ती घेऊन गेली ना? मग पुरतं नेऊ दे. तिला अर्ध्यात सुटका का म्हणून?"

मेथीच्या काड्या तोडणारे हात थांबले.

"तीस वर्सं?"

"डॉक्टर म्हणाल्या, जमलं तर जास्तच."

छायावहिनी विचारात पडल्या. मग नवऱ्याच्या खोलीतून खाकरण्याचा आवाज आला, तशा त्या उठल्या.

"डबी कधी द्यायची?" त्यांनी विचारलं. "पण एक हाय. मी हे सगळ्यांना सांगणार, कशासाठी केलं ते. दया केली असं कुणी म्हणता कामा न्हाई."

छायावहिनींचं घराणं नव्वद टक्के नव्हतं, एकाहत्तर होतं. डॉक्टरांनी कॅप्सूल दिल्या आणि वाट बघायला सांगितलं. वृषाली रोज सकाळी फोन करायची. आपला सूड नीट चाललाय ना, एवढीच चौकशी. चौथ्या दिवशी केतकीला ताप चढला, तेव्हा वृषालीनं एका शिकाऊ बाईला ब्रेकऐवजी क्लच सांगितला आणि गाडी भाजीच्या हातगाडीवर गेली. नवव्या दिवशी डॉक्टरांनी आपण होऊन फोन केला. केतकीनं दोन घास मऊभात खाल्ला होता आणि तो पोटात राहिला होता. शिपायांनी कुणाला तरी ओळखलं होतं.

वृषालीनं फोन ठेवला आणि देवाला साखर ठेवली. सूड लागू पडला म्हणून.

'काचेपलीकडे'चा शेवटचा भाग लाखभर लोकांनी ऐकला. उन्मेषला सवय झाली होती, म्हणून त्यानं 'काचेअलीकडे' सुरू केलं. पण केतकी आता दुधी खात होती, जिन्याचे कठडे धरून चालत होती, चिडत होती. त्यात वसंत कुठं बसवणार? तिसऱ्या आठवड्यात ऐकणारे अकरा उरले. त्यातली एक वृषाली होती.

ऑगस्ट संपता संपता एका संध्याकाळी बेल वाजली. वृषालीनं नुकताच दिवा लावला होता. दारात केतकी. केस बोटभर वाढलेले, हातात कापडी पिशवी.

"आत येऊ का?"

"तिथूनच बोल," वृषाली म्हणाली. मग म्हणाली, "दमली असशील तर त्या चपलांच्या कपाटावर बस."

केतकी बसली. पिशवी तिनं मांडीवर घेतली.

"ताई, तो घोरतो," केतकी म्हणाली. "पूर्वी इतकं नव्हतं."

"पूर्वी तू ऐकत नव्हतीस."

"त्यावर काही उपाय आहे का हो?"

"आहे."

"सांगाल?"

"नाही."

केतकीनं मान हलवली, तिला हेच अपेक्षित असल्यासारखी. मग तिनं पिशवीतून वाटी काढली. स्टीलची, पोचे गेलेली. नाव मात्र स्वच्छ वाचता येत होतं, उन्मेषच्या नावासकट. बारा वर्षं सवतीचं नाव हाताखाली घासायचं म्हणजे काही कमी नव्हतं. वाटीत दही होतं. कडेनं जराही पाणी सुटलेलं नाही, सुरीनं कापावं असं.

"तुमचंच आहे," केतकी म्हणाली. "मोडू दिलं नाही. हॉस्पिटलात होते तेव्हा त्याला फोन करून लावायला लावायचे. तो चिडायचा. म्हणायचा, मी मरणाबद्दल बोलतोय आणि तू दह्याबद्दल. छायावहिनींनी सांगितलं, तुमच्याकडचं संपलं म्हणून."

वृषालीनं वाटीकडे पाहिलं. आठ महिने ती पिशवीचं दही खात होती, आणि ते चमच्यावरून ओघळत होतं. वाटीला आंबटगोड वास होता, आईच्या फडताळाचा. तिनं हात पुढं केला नाही.

"दिवेलागण झाली," ती म्हणाली. "या वेळी विरजण देत नाहीत. घेतही नाहीत. उद्या सकाळी घेऊन ये."

"ताई, सांगलीहून दोन बस बदलून यावं लागतं."

"माहितीये."

केतकीनं वाटी पुन्हा पिशवीत ठेवली आणि पिशवी पोटाशी धरून उठली. कठडा धरून सावकाश जिना उतरली. प्रत्येक पायरीवर थांबत होती. वृषाली दार अर्धवट लोटून, शेवटची पायरी ऐकू येईपर्यंत उभी राहिली.

मग तिनं दूधवाल्याला फोन लावला.

"उद्या अर्धा लिटर जास्त टाक," ती म्हणाली. "म्हशीचं. आणि हे बघ, लवकर टाक, आल्या बाईला थांबायला लागू नये."